दोन पिशव्या

बाळ रडलं. व्हरांड्यात पेढे कुणी आणायचे यावर चर्चा सुरू झाली. आत सिस्टरचं लक्ष मात्र बाळाकडे नाही. तिचा एक हात बाळंतिणीच्या ओटीपोटावर आहे. वार पडली की गर्भपिशवी आवळून चेंडूसारखी टणक लागायला हवी. ही लागतेय सैल भिजवलेल्या कणकेसारखी.

म्हणजे रक्त जाणार. पण किती गेलं, हे सांगायचं कसं? जुन्या लुगड्याच्या घड्या रक्त पिऊन टाकतात. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "जातं तेवढंच गेलं की." धोक्याची रेघ अर्ध्या लिटरवर आहे. एसटी स्टँडवर मिळते ती पाण्याची छोटी बाटली, तेवढंच. आणि अंगात मुळातच रक्त कमी असलेल्या बाईला त्याआधीच गरगरायला लागतं.

बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 2002 ते 2005 या काळात 1620 बाळंतपणांचा अभ्यास झाला. बाळ बाहेर येताच नर्सबाईंनी निम्म्या जणींना मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे गर्भपिशवी आवळणाऱ्या, गोळ्या दिल्या आणि निम्म्या जणींना औषध नसलेल्या. औषधाविना जादा रक्तस्राव शंभरात बारा जणींना झाला, औषध मिळालेल्यांत तो सहा-सात जणींनाच. गोळीचं नाव झालं, ते रास्तच. आम्हाला मात्र त्या अभ्यासातली चादर जास्त मोलाची वाटते. कमरेखाली सरकवायची प्लास्टिकची चादर, तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. बेळगावातच ताडून पाहिलं, तेव्हा नुसत्या नजरेचा अंदाज या मापापेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी भरला. नजर मुरलेली असली, तरी फसते.

पुढे केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या 80 रुग्णालयांत अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांत अशीच मापाची चादर वापरली गेली. रेघ ओलांडली की पोटाला मालिश, गर्भपिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड, सलाईन आणि आतून तपासणी, सगळं एकदम सुरू. एक झाल्यावर दुसरं, अशी वाट बघायची नाही. निकाल 2023 साली आला: लिटरभर रक्त जाणं, त्यापायी पोट उघडावं लागणं किंवा आई दगावणं, हे सगळं मिळून बाकीच्या रुग्णालयांपेक्षा 60 टक्क्यांनी कमी भरलं.

इथे सिस्टरनं सरकवलेल्या चादरीच्या पिशवीतलं रक्त 300 मिलिलिटरच्या रेघेला टेकलंय. "सिस्टर, डोळ्यापुढं अंधारी येतेय..."

सिस्टर पाचशेची वाट बघत नाही. एका हातानं पोट चोळत ती मदतनीस मावशींना फ्रिजकडे पिटाळते. ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंशांत ठेवलेलं हवं, उन्हाच्या खिडकीतलं नको. सलाईन लागतं, औषधं जातात. तळव्याखाली गर्भपिशवी हळूहळू आवळते.

दहा मिनिटांनी सिस्टर वाकून रेघ बघते. जिथे होती तिथेच. हात मात्र अजून पोटावरच आहे.