माटोळीची काळी केळी

श्रोतेहो, नमस्कार.

चवथ झाली. दीड दिवसाचे गेले, पाच दिवसांचेही गेले. घर जरा मोकळं मोकळं वाटतंय. नेवऱ्यांच्या डब्यात तळाशी चुरा उरलाय, तोही येता-जाता कुणी तरी बोटाने उचलतंय. आणि कोपऱ्यात, जुन्या वर्तमानपत्रावर, माटोळीची केळी आहेत.

गोव्यात नव्याने आलेल्यांसाठी दोन शब्द. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला नारळ, सुपारीचं शिपटं, तोरिंजन, कांगलां असं भाद्रपदात मिळेल ते सगळं बांधतात. ती माटोळी. तिच्यात केळ्यांचा घड हवाच, आणि तो लहान असून चालत नाही. "यंदा घडाला फण्या किती?" हा प्रश्न माटोळीखाली उभं राहून विचारला जातो, आणि घरमालक मान वर करून मोजल्यासारखं करतो. मोजून त्याचं आधीच झालेलं असतं.

घड बांधतो तेव्हा केळी हिरवीकच्च असतात, निदान निबर तरी. मग खोलीत दारं लोटलेली, माणसांची वर्दळ, समई, उदबत्त्या, धूप. केळं पिकताना स्वतःतून इथिलिन नावाचा वायू सोडतं, आणि तोच वायू शेजारच्या केळ्यालाही पिकायला लावतो. धुरातही हा वायू थोडा असतो. जुनी माणसं केळी धुरी देऊन पिकवायची ती काही उगीच नव्हे. म्हणजे पहिलं केळं पिवळं झालं की चाळीस-पन्नास केळी त्याच्या मागोमाग एकदमच पिवळी. विसर्जनाच्या दिवशी घड खाली उतरतो तो असा.

वाटून टाकायची म्हटलं तर कुणाला वाटणार? मी शेजारी फणी पाठवली की शेजारीण तिची फणी घेऊन माझ्या दारात. पहिल्या दिवशी शिकरण. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकरण. तिसऱ्या दिवशी बन्स, म्हणजे केळं घालून केलेल्या फुगऱ्या पुऱ्या, त्या मात्र सगळे खुशीने खातात. हॉटेलातल्यासारखी पातळ भाजी केली तर संध्याकाळपर्यंत पुरतही नाहीत. चौथ्या दिवसापासून त्या कोपऱ्याकडे घरातलं कुणी बघत नाही. सालं काळी पडतात, चिलटं जमतात, आणि मग कुणी तरी सगळं उचलून गोठ्यात नेतं. आमच्या वाड्यावरची गायसुद्धा आठव्या केळ्यानंतर तोंड फिरवते, हे मी बघितलंय.

आज मला बोलायचंय ते या चौथ्या दिवसाबद्दल. कारण केळ्याचा ब्रेड करायचा तर पाचव्या-सहाव्या दिवसाआधी हात लावू नये, आणि आपण नेमकं त्याच दिवशी केळी टाकतो.

साल काळं झालं म्हणजे केळं कुजलं असं नसतं. हिरव्या केळ्यात जवळपास पाचवा हिस्सा पिठूळ भाग, म्हणजे स्टार्च असतो. पिकता पिकता त्याची साखर होते, आणि साल काळं होईपर्यंत स्टार्च जेमतेम उरतो. पिवळंधमक केळं खायला छान, पण ब्रेडमध्ये घातलं तर नुसतं असतं, कळत नाही. काळं केळं कुस्करायला चमचाही लागत नाही. साल सोलताना ते हातातच बसतं, आणि वास आख्ख्या माजघरात जातो. हा वास भट्टीतून बाहेर येईपर्यंत टिकतो. पिवळ्याचा टिकत नाही.

मग टाकायचं कधी? सालावर बुरशीचा पांढरा कापूस दिसला, सोलल्यावर आतला गरही काळपट पाणेरी निघाला, की टाका. आणि तिसरी खूण नाकाची. केळं आंबलं की त्याला सुरेचा, म्हणजे माडीचा, वास येतो. माडाची सूर कशी वासते हे गोव्याच्या श्रोत्यांना मी सांगायला नको.

करायला आज वेळ नसेल तर केळी सोला, डब्यात भरा आणि फ्रीजरमध्ये टाका. महिनाभर काही होत नाही. सालासकट फ्रीजमध्ये ठेवलीत तर साल एका रात्रीत कोळशासारखं होतं, त्याला घाबरू नका. केळं उष्ण प्रदेशातलं. साधारण 13 अंशांच्या खाली त्याला थंडी बाधते, ती आधी सालाला. आतलं केळं बरं असतं. फ्रीजरमधलं केळं बाहेर काढल्यावर त्याला तपकिरी पाणी सुटतं, ते ओतून टाकायचं नाही. गोडी त्यात असते.

आता हा ब्रेड मुळात ब्रेड नव्हेच. आपल्याकडे ब्रेड म्हणजे सकाळी पदेर सायकलवरून भोंगा वाजवत आणतो तो पाव, उंडो, पोयी. त्यात पीठ आंबवायचं असतं. पूर्वी त्यासाठी सूरच वापरायचे. केळ्याच्या ब्रेडला आंबवणं नाही, मळणं नाही. सोडा घालायचा आणि भाजायचं. अमेरिकेत सोडा आणि बेकिंग पावडर घरोघरी पोचली तेव्हाची ही गोष्ट. 1930 च्या दशकात तिथे मंदी होती, काळं केळं टाकणं परवडत नव्हतं, आणि 1933 साली पिल्सबरी या पीठवाल्यांच्या पाककृतींच्या पुस्तकात केळ्याचा ब्रेड छापून आला. लांबट भांड्यात भाजून त्याच्या चकत्या कापतात म्हणून नाव ब्रेड. आपल्याकडे बऱ्याच घरांत तो शिरला 2020 च्या टाळेबंदीत. त्या वर्षी ज्याने आयुष्यात चहा केला नव्हता त्यानेही केळ्याचा ब्रेड केला.

मला विचाराल तर ही आपल्या तवसळीची बहीण आहे. तवसळी आठवते ना? पिकलेलं मोठं तवसं, म्हणजे काकडी, किसायचं, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, आणि टोपात ओतून खाली मंद आच, झाकणावर निखारे. फळाचं पाणी, गुळाची गोडी, वरून-खालून उष्णता. आपला थरांचा केक, बेबिंका, तोही अशाच वरच्या निखाऱ्यांवर भाजत आलेत. तेव्हा ओव्हन नाही म्हणून कुणी मागे राहायचं कारण नाही. आमच्या आज्यांच्या घरी तरी कुठे होता!

कागद-पेन्सिल घ्या. प्रमाण सावकाश सांगते.

पहिली गोष्ट, केळी मोजायची नाहीत. वजन करायचं. पुस्तकात लिहितात "तीन केळी". ती बाजारातली लांब, एकसारखी केळी. सोलून एक सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर. आपली रसबाळी घेतलीत तर तीन कुठे पुरायची, सात-आठ लागतील. मयडे गावचं मोठं केळं घेतलंत तर दीड-दोनच पुष्कळ. मयड्याच्या केळ्याला भौगोलिक मानांकन आहे, मान मोठा आहे, पण ते मुळात शिजवायचं, हलव्याचं केळं. अगदी काळं होईपर्यंत वाट बघितली नाहीत तर ब्रेड कोरडा होतो. साळदाटी मात्र या कामाला चांगली. कुठलंही असो, सोललेला, कुस्करलेला गर साडेतीनशे ग्रॅम. पुन्हा सांगते, साडेतीनशे.

मैदा 200 ग्रॅम. अर्धा मैदा, अर्धी कणीक घेतली तरी चालते, थोडा जड होतो इतकंच. साखर 100 ग्रॅम, किंवा माडाचा काळा गूळ किसून 120. मी गूळच घालते. त्याला किंचित खारट अंग असतं, ते केळ्याला शोभतं. खोबरेल तेल, खाण्याचं हो, 90 ग्रॅम. अंडी दोन. खाण्याचा सोडा एक चमचा, चहाचा, आणि सपाट. त्यावर डोंगर नको. मीठ पाव चमचा. जायफळ अर्धं किसून. काजू मूठभर, तुकडे करून.

घरात अजून गणपती असेल, किंवा अंडं चालत नसेल, तर अंड्यांऐवजी अर्धी वाटी घट्ट दही घ्या आणि केळ्याचा गर पन्नास ग्रॅमने कमी करा. दही थोडं आंबट असलं तर उत्तमच, सोड्याला काम करायला आंबट लागतं. केळ्यात असतं, गुळातही थोडं असतं, म्हणून इथे सोडा चालतो.

तेल, गूळ आणि अंडी फेटा, त्यात केळं घाला. मैदा, सोडा, मीठ, जायफळ एकत्र चाळून वरून टाका. आणि आता हात आवरा. उलथन्याने खालून वर, खालून वर, दहा-बारा वेळा, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत. गुठळ्या राहिल्या तर राहू देत. मैदा जितका घोटाल तितका तो चिवट होतो. चपातीला ते हवं असतं, इथे नको. लाडू वळणाऱ्या हाताला ही गोष्ट फार जड जाते, मला अजून जाते.

भांड्याला तेल लावा, तळाला कागद घाला, मिश्रण ओता. ओव्हन आधी तापवून 175 अंशांवर, 55 मिनिटं ते तासभर. चाळीस मिनिटांनी वरचा रंग बघा. गूळ आणि केळं दोन्ही लवकर काळपटतात, तेव्हा वरून फॉइलचा तुकडा सैल टाकून ठेवा.

कुकरमध्ये करायचा तर शिट्टी काढा, रबर काढा, पाणी अजिबात घालायचं नाही. हे तिन्ही नीट ऐका. तळाला जाड मीठ वाटीभर पसरा, त्यावर जाळी, झाकण टेकवून दहा मिनिटं तापवा. मग भांडं आत ठेवून अगदी मंद आचेवर पाऊण तास ते पन्नास मिनिटं. वरून रंग येणार नाही, पांढुरका राहतो. भाजला मात्र नीट जातो. ते मीठ पुढच्या वेळेसाठी बरणीत भरून ठेवा, भाजीत घालू नका.

झाला की नाही हे कसं कळायचं? लोक सुरी खुपसतात. सुरीने मोठी भेग पडते आणि तिला ओलावा कळतही नाही नीट. माझी आई तवसळीला माडाची हीर वापरायची, खराट्यातली नव्हे, ताज्या झावळीची काढून धुतलेली. मीही तेच करते. मधोमध सरळ तळापर्यंत घालायची, दोनपर्यंत मोजायचं, वर काढायची. हिरीला ओलं पीठ चिकटलं तर अजून दहा मिनिटं. दोन-चार कोरडे कण चिकटले तर झाला. अगदी कोरडी लख्ख निघाली तर थोडा उशीरच झाला.

ही हीर मला शिकवली ती एका फजितीने. पहिल्या वर्षी माटोळीची केळी संपवायची म्हणून मी साडेतीनशेच्या जागी सहाशे ग्रॅम घातली. वाटलं, जास्त केळी, जास्त चव. आणि एवढ्या केळ्यांना फुगायला हवं म्हणून सोडाही दुप्पट. विसाव्या मिनिटाला टम्म फुगला, मी कौतुकाने ओव्हन उघडून सगळ्यांना बोलावून दाखवला, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो मधून बसला. होडी कशी असते तसा. त्यात पाऊस, त्यात वीज गेली. तासाभराने कापला तर कडेला साबणाची चव आणि मधे कच्चं केळ्याचं पिठलं. मुलगा म्हणाला, "आई, ह्याला चमचा देतेस की सुरी?" जास्त केळं म्हणजे जास्त पाणी, ते तासाभरात सुकत नाही, आणि सोडा जास्त झाला की तो उरतो, उरला की साबण. शिवाय पहिला अर्धा तास ओव्हनचं दार उघडायचं नाही, नवरा विचारत असला तरी.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं भांड्यात, मग जाळीवर. गरम कापू नका. मला ठाऊक आहे, कापालच, पण रात्रभर झाकून ठेवलेल्या ब्रेडची चकती दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळीच लागते. ओलावा आतून कडेपर्यंत पसरतो, जायफळ वर येतं. आपल्या या दमट हवेत बाहेर दोन दिवस, फार तर. त्यानंतर फ्रीज. आणि फ्रीजमधली चकती तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी परतून खायची, कडा कुरकुरीत होईपर्यंत.

यंदा दही घालून केला, कारण सासूबाईंना अंडं चालत नाही. नव्वदीला आल्यात, दिसतं कमी, पण जीभ शाबूत आहे. चहाबरोबर एक चकती दिली. हाताने चाचपली, वास घेतला, खाल्ली. दुसरी मागितली. ती संपल्यावर म्हणाल्या, "तवसळी बरी जाल्या गो. पूण तवशें खंय गेलें?"

श्रोतेहो, नमस्कार.