मिनिटाला पाच फेरे: चायपट्टना रहाट आणि बँकॉकचं काळं पाणी

(दृश्य: तळ्यात तरंगणारं पोलादी चाक, संथ फिरताना. पाण्याचा आवाज.)

मिनिटाला फक्त पाच फेरे. चाकाचा व्यास दोन मीटर, परिघावर सहा पोहरे, आणि प्रत्येक पोहऱ्यात ११० लिटर पाणी मावतं. पोहऱ्यांच्या पत्र्याला भोकं पाडलेली आहेत, त्यामुळे वर आलेलं पाणी धारांनी गळत राहतं. पाणी उपसायचं यंत्र म्हणून हे बघाल तर काहीच्या काही वाटेल. याचं काम मात्र पाणी उपसण्याचं नाहीच. पाण्यात ऑक्सिजन मिसळण्यासाठी थायलंडमध्ये बांधलेलं हे यंत्र म्हणजे चायपट्टना रहाट.

(दृश्य: बँकॉकचा कालवा, काळसर पाणी, काठाची वस्ती.)

१९८० च्या दशकातलं बँकॉक. घरांचं, बाजारांचं, इस्पितळांचं सांडपाणी सरळ कालव्यांत उतरत होतं. तीस अंश तापमानाला एक लिटर पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. एवढ्याच हवेत तो २७० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे पाण्याची पुंजी मुळातच तुटपुंजी. तीत मैला पडला की तो खाणारे जीवाणू हा ऑक्सिजन भराभर संपवतात. तो शून्यावर आला की दुसऱ्या जातीचे जीवाणू कामाला लागतात, सल्फेटमधून ऑक्सिजन ओढतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. कुजक्या अंड्याचा वास येतो तो याचाच. तोच वायू गाळातल्या लोहाशी जुळला की काळं लोह सल्फाइड बनतं, म्हणून पाणी काळं दिसतं.

पृष्ठभागावरून हवा आपोआप आत शिरत असेलच की? शिरते, पण फार सावकाश. साचलेल्या पाण्यात ऑक्सिजनचे रेणू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतात. वरचा पातळ थर भरतो, खालचं पाणी तसंच उपाशी राहतं. तेव्हा कामं दोन: हवा आणि पाणी जिथे भिडतात ते क्षेत्रफळ वाढवायचं, आणि खालचं पाणी वर आणत राहायचं.

(दृश्य: मक्कासान तलाव, जलपर्णी.)

बँकॉकमध्ये आधी स्वस्तातला उपाय करून पाहिला गेला. १९८५ च्या सुमारास मक्कासान तलावात जलपर्णी वाढवून तिच्या मुळांकरवी पाणी गाळायचा प्रयोग झाला. कल्पना थायलंडचे तेव्हाचे राजे भूमिबोल अदुल्यदेज यांची. ठरावीक काळाने जलपर्णी काढून टाकली तर तिच्याबरोबर घाणीचा काही भाग निघून जातो, नाही काढली तर तीच कुजून ऑक्सिजन खाते. पण सांडपाणी वाढत गेलं तशी वनस्पतींची ताकद कमी पडू लागली.

मग १९८८ मध्ये राजांनी यंत्राची रूपरेषा दिली. उत्तर थायलंडात नदीच्या प्रवाहावर फिरणारे बांबूचे रहाट शेताला पाणी देतात. आपल्या कोकणातला लोट्यांचा रहाट बैल ओढतो, तिथला नदी ओढते, एवढाच फरक. तेच चाक उलटं वापरायचं, म्हणजे पाण्याने चाक फिरवण्याऐवजी चाकाने पाणी खेळवायचं, असा बेत होता. त्याच वर्षी स्थापन झालेल्या चायपट्टना फाउंडेशनने खर्च उचलला आणि थायलंडच्या रॉयल पाटबंधारे खात्याने यंत्र घडवलं. प्रसिद्धी राजांच्या वाट्याला आली, पण कल्पनेपासून वर्षानुवर्षं टिकणाऱ्या गिअरपर्यंतची मजल खात्यातल्या इंजिनिअरांनी मारली आहे, हेही नोंदवायला हवं. १९८९ मध्ये बँकॉकच्या फ्रा मोंगकुटक्लाओ रुग्णालयाच्या तळ्यात चाचणी सुरू झाली. वाट बोवोन्निवेत या मठातही एक यंत्र बसलं.

२ फेब्रुवारी १९९३ रोजी या यंत्राला थायलंडचं ३१२७ क्रमांकाचं पेटंट मिळालं. थायलंडमध्ये २ फेब्रुवारी हा आता संशोधक दिन म्हणून पाळतात. पुढे २००० साली ब्रुसेल्सच्या युरेका प्रदर्शनातही यंत्राचा गौरव झाला. आरएक्स-१ ते आरएक्स-९ अशी नऊ प्रारूपं झाली. आपण बघतोय ते आरएक्स-२.

(दृश्य: यंत्राचं रेखाचित्र. एकेक भाग उजळत जातो.)

तळाशी पोलादी तराफा, म्हणजे दोन बंद पिंपवजा तरंगते, आणि मधे चाक. वर दोन अश्वशक्तीची, ३८० व्होल्ट तीन फेजची मोटर. ती मिनिटाला सुमारे १४५० फेरे घेते आणि चाकाला हवेत पाच. म्हणजे वेग २९० पटींनी खाली आणायचा. हे काम गिअरबॉक्स आणि साखळी-चकत्या मिळून करतात. वेग जितका उतरतो तितका पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), चढतो. घर्षणातला तोटा वजा करूनही चाकाच्या आसावर अडीच हजार न्यूटन-मीटरच्या घरात पीळ येऊ शकतो, म्हणजे चाकाच्या कडेला अडीचशे किलो वजन टांगल्याइतका. या यंत्रात साखळी, चकत्यांचे दात आणि आसाची बेअरिंगं सगळ्यात आधी झिजतात, ती यामुळे.

आता पोहऱ्याची फेरी बघा. तो पाण्याखाली अर्धा मीटर उतरतो, भरतो आणि वर चढतो. पाण्याच्या पातळीपेक्षा एक मीटरपर्यंत उंच गेल्यावर भोकांतून आणि काठावरून पाणी थेंबाथेंबांनी सांडतं. प्रत्येक थेंबाला चहूबाजूंनी हवा लागते. हा पहिला टप्पा. हे थेंब खाली आपटतात तेव्हा पाण्यात बुडबुडे शिरतात, हा दुसरा. तिसरा टप्पा काठावरून दिसत नाही: रिकामा पोहरा पुन्हा पाण्यात शिरताना आपल्यासोबत हवा कोंडून नेतो, ती खाली दाबली जाते आणि भोकांतून बारीक फुग्यांनी बाहेर पडते. येताना आणि जाताना, दोन्ही वेळा पोहरा कामाचा. खरी हुशारी या भोकांत आहे.

शिवाय चाक पाणी एका दिशेला ढकलतं, सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर वेगाने, दहा मीटरपर्यंत.

कागदावर हिशेब केला तर सहा पोहरे गुणिले ११० लिटर गुणिले पाच फेरे, म्हणजे मिनिटाला ३३०० लिटर. प्रत्यक्षात पोहरे काठोकाठ भरत नाहीत, वर येतायेताच गळू लागतात, म्हणून आकडा कमी धरावा.

(दृश्य: कोळंबी तलावातलं वेगवान पॅडल व्हील.)

पालघर-रायगडच्या कोळंबी तलावांतली पॅडल व्हील पाणी जोरात झोडपतात. तिथे ते चालतं. सांडपाण्याच्या तळ्यात मात्र जीवाणूंचे मऊ पुंजके तयार होत असतात, आणि तेच पुढे तळाशी बसून पाणी निवळायला हवं. जोराच्या माऱ्याने ते फुटतात. रुग्णालयाच्या खिडकीखाली आवाज नको, हाही मुद्दा होताच.

(दृश्य: आकडे पडद्यावर.)

एक चाक किती घाण झेपवतं? सुधारणांनंतर या यंत्राची नोंदलेली क्षमता दर अश्वशक्तीला तासाला १.२ किलो ऑक्सिजन. आधी ती ०.९ होती. दोन अश्वशक्ती, २४ तास: ५७.६ किलो. पण असे आकडे स्वच्छ, वीस अंशाच्या, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यासाठी मांडतात. तीस अंशाच्या सांडपाण्यात साबण असतो, आणि थोडा ऑक्सिजन शिल्लक ठेवायचाही असतो. तिथे निम्मं धरावं, म्हणजे दिवसाला तीसेक किलो. एका माणसाचं रोजचं सांडपाणी साधारण ५० ग्रॅम ऑक्सिजन मागतं. म्हणजे पाचशे-सहाशे माणसांच्या वस्तीला एक चाक. यापेक्षा मोठा दावा कुणी केला तर त्याच्याकडे पाण्याची तपासणी मागा. वीज दिवसाला ३६ ते ४३ युनिट.

(दृश्य: यंत्र तळ्यात उतरवताना.)

जागा निवडताना खोली एक मीटरपेक्षा जास्त आणि रुंदी तीन मीटरपेक्षा जास्त हवी. उथळ तळ्यात पोहरे गाळ ढवळतात, आणि तळाचा काळा गाळ वर आला की तो चाकाने दिलेला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतो. तराफा चारही कोपऱ्यांनी काठावरच्या खुंटांना बांधायचा, पण दोर ताठ ठेवायचे नाहीत. पावसात पातळी चढली तर ताठ दोर तराफ्याला खाली खेचतात. केबललाही तशीच ढील द्यायची, आणि ती पाण्यात जोडायची नाही. विजेच्या पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा वीजगळती-रक्षक हवाच. पाणी आणि तीन फेज एकत्र असताना यात काटकसर नको.

चाकाचा झोत तळ्याच्या लांबीच्या दिशेने सोडा. आडवा सोडला तर समोरच्या काठावर आपटून तेच पाणी परत येतं आणि चाक त्यालाच पुन्हा ऑक्सिजन देत बसतं.

पहिले दिवस जपून. वर्षानुवर्षं साचलेलं तळं एकदम ढवळलं तर वास सुटतो, उरलासुरला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. सुरुवातीला दिवसा दोन-तीन तास, मग हळूहळू वाढवत जायचं.

(दृश्य: चाकात अडकलेली नायलॉनची दोरी.)

बिघाड बहुतेक याच क्रमाने येतात. जलपर्णी, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि नायलॉनची दोरी आसाभोवती गुंडाळली जाते, म्हणून चाकाच्या पुढे जाळी हवी. पोहऱ्यांची भोकं तेलकट मळ आणि शेवाळाने बुजतात. एकाच पोहऱ्याची बुजली तर तो भरलेलाच वरून फिरतो, चाक दर फेरीला एका ठिकाणी हिसका देतं आणि साखळी दात चुकवते. हिसका दिसला की साखळी घट्ट करत बसू नका, आधी पोहरे तपासा. तरंगत्याला बारीक गळती लागली की तराफा खचतो, पोहरे जास्त खोल जातात आणि मोटर जास्त करंट ओढते. दोन अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर साडेतीन अँपिअरच्या आसपास घेते. हा आकडा रोज वहीत लिहून ठेवला तर गळती डोळ्यांना दिसायच्या आधी अँपिअरमध्ये दिसते. आणि एक फेज गेला की मोटर गुणगुणत जळते, त्यासाठी अशा वेळी मोटर बंद पाडणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावायचा.

(दृश्य: पहाट. मीटरचा दांडा पाण्यात.)

पाण्यातल्या ऑक्सिजनचं मोजमाप पहाटे घ्यायचं, सूर्य वर यायच्या आत. दुपारी शेवाळ स्वतःच ऑक्सिजन सोडतं आणि आकडा फुगतो. चाकाजवळचं पाणीही मोजायचं नाही, लांबच्या कोपऱ्यातलं, अर्धा मीटर खोलीवरचं घ्यायचं. तिथे लिटरला दोन मिलिग्रॅम टिकत असेल तर चाकाचे तास कमी करून बघता येतात. हे यंत्र नायट्रोजन-फॉस्फरस काढत नाही, जड धातू काढत नाही, तळाचा गाळ तर नाहीच. तो वेगळा उपसावा लागतो. चाक चोवीस तास चालूनही पहाटेचा आकडा वर येत नसेल, तर दुसरं चाक मागवण्याआधी तळ्यात नव्याने कुठला नाला सोडलाय ते काठाकाठाने फिरून बघावं.