ओटीवरचं वायफाय माजघरात का पोचत नाही

(सुरुवात: सकाळ, अंगणातून दिसणारं घर. पहिले दहा सेकंद फक्त पाखरांचा आवाज.)

हे माझं आजोळ, कुडाळपासून थोडं आत, सुपारीच्या बागेला लागून. अंगण, मग पडवी, मग ओटी, मग माजघर, माजघराच्या डाव्या हाताला आजीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि सगळ्यात शेवटी मागची पडवी. एकामागे एक असं लांबलचक घर, आणि आतल्या प्रत्येक दोन खोल्यांच्या मध्ये ही चिऱ्याची भिंत, दीड फूट जाड, कॅमेऱ्यासमोर पट्टी धरून मोजलीय.

आता वर बघा. खांबावरून सुपाऱ्यांच्या डोक्यावरून ही बारीक काळी वायर येतेय ना, ती फायबर. आत केसाएवढी काच आणि काचेतून धावणारा उजेड. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, मी लॅपटॉपला वायर लावून मोजलं तर ९४ आले, म्हणजे घरापर्यंत नेट अगदी व्यवस्थित येतंय, आणि तरी आजीच्या खोलीत फोटो उघडायला मिनिट लागतं.

राउटर कुठे होता तर इथे, ओटीच्या कोपऱ्यातल्या फडताळात, दार लावलेलं, मागे स्टीलचे डबे आणि बाजूला पत्र्याची ट्रंक. बसवायला आलेला मुलगा वायर जिथे आत आली तिथेच डबा ठेवून गेला, बहुतेक घरांत असंच होतं. आजीने दार उघडून बघितलं आणि म्हणाली, "हो डबो फडताळात घालून ठेवलंस, मग रेंज येतली खंयसून?" मी तीन वर्षं कंपनीला फोन करत होतो, आणि कारण तिने दार उघडल्या उघडल्या सांगितलं.

पण हलवायच्या आधी मोजायचं ठरवलं, कारण "इथे रेंज कमी आहे" या वाक्याने काही कळत नाही. फोनवर वायफाय मोजायचं फुकट ॲप मिळतं, ते सिग्नल डीबीएममध्ये दाखवतं. आकडे मायनसमध्ये असतात, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. मायनस ३० म्हणजे राउटरच्या शेजारी, मायनस ६७ च्या आसपास असेल तर व्हिडिओ कॉल नीट चालतो, ८० च्या खाली गेलं की फोनवर वायफायच्या कड्या दिसतात पण काम होत नाही. आणि लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे आकडा खाली जाताना दर ३ ला सिग्नल निम्मा होतो, दर १० ला दहावा हिस्सा उरतो.

(दृश्य: सारवलेल्या जमिनीवर रांगोळीने लिहिलेले आकडे, वरून घेतलेला शॉट.)

हा शॉट माझा सगळ्यात आवडता आहे. खडू सारवलेल्या जमिनीवर उमटेना, मग मामीने रांगोळीचा डबा आणून दिला आणि मी फोन बघून आकडा सांगायचो, ती तिथल्या तिथे लिहायची. ओटीवर मायनस ४१. माजघराच्या दारात ५८, आत मधोमध ६६. स्वयंपाकघरात ७९. आजीच्या पलंगाशी ८४. मागच्या पडवीत आकडाच नाही, तिथे मामीने नुसती फुली काढली. एका नजरेत कळतं, सिग्नल अंतराने कमी झालेला नाही, ओटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फार फरक पडत नाही, भिंत ओलांडली की मात्र धाडकन पडतो.

मग भिंतीकडेच बघू. चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीतून कापताना मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो, आणि लाल दिसतो तो आतल्या लोहामुळे. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात हा दगड विटांसारखा कापताना बघितला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये वीट या अर्थाचा शब्द आहे त्यावरून. जवळून दाखवतो, ही सगळी भोकं बघा. पावसाळ्यात या भोकांत ओल धरते, आणि पाणी वायफायच्या लहरी पिऊन टाकतं. मे महिन्यात आजीच्या खोलीत ८४ होतं, जुलैत त्याच जागी, राउटर तिथेच असताना, ८७ भरलं.

तशा या लहरी भिंतीतून जातात, हे काही आजचं नाही. १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोसांनी याच जातीच्या छोट्या लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. जातात, पण प्रत्येक भिंत आपला वाटा कापून घेते. आणि तिरकं जायचं असेल तर जास्त कापते, कारण दीड फुटाची भिंत ४५ अंशात ओलांडायची म्हणजे लहरीला दोन फुटांच्या वर दगड कापावा लागतो. आमचा राउटर ओटीच्या उजव्या कोपऱ्यात आणि आजीची खोली डावीकडे आत, म्हणजे सगळा प्रवास तिरका.

आता इथे राउटर बाहेर काढतोय. ओटीच्या मधोमध, तुळईच्या खाली, माजघराच्या दारासमोर. दार उघडं असलं की तेवढी वाट मोकळी. या दोन दांड्या, अँटेना, लोक त्या बंदुकीसारख्या खोलीच्या दिशेने रोखतात, तसं करू नका. सिग्नल दांडीच्या टोकातून निघत नाही, तिच्या अंगाने चहूबाजूंना पसरतो, टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी. एकमजली घर असेल तर सरळ उभ्या ठेवायच्या, बस. या सगळ्याला खर्च शून्य आणि वेळ वीस मिनिटं, आणि माजघरातला आकडा ६६ वरून ५५ वर आला, म्हणजे दहा पटीहून जास्त सिग्नल. आजीच्या खोलीत मात्र ७८. सुधारलं, पण कॉल अजून तुटतोच.

फोनमध्ये ही दोन नावं दिसतायत, एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि एक ५ चं. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर, ५ ची सहाच्या आसपास. ५ वर वेग जास्त पण चिऱ्यापुढे ती लवकर दमते, म्हणून ओटीवर ५, आत २.४. शहरात २.४ वर गर्दीचा त्रास असतो, फ्लॅटमध्ये लिस्ट उघडली की शेजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं, तिथे १, ६ आणि ११ या तीनपैकी मोकळा चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातली वाट, निवडावा, तेच एकमेकांवर चढत नाहीत. वाडीत आमच्या लिस्टमध्ये फक्त आम्हीच.

मामाने मध्यंतरी एक रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून तोच पुढे पाठवणारा डबा, आणला होता. तो आजीच्या खोलीत लावलेला, म्हणजे जिथे सिग्नल नाही तिथेच. त्याला मिळणार तेवढंच तो पुढे देणार. अर्ध्या वाटेवर लावला तर थोडं बरं, पण एकाच रेडिओवर ऐकायचं आणि परत तेच बोलायचं, त्यात वेग साधारण निम्मा होतो. माझं मत स्पष्ट आहे: दगडी घरात वायर टाका. नवीन घर बांधत असाल तर भिंती उभ्या राहतानाच खोलीखोलीत एक रिकामा पाईप सोडा, विजेच्या पाईपपासून वेगळा, त्याला नंतर लागणाऱ्या कष्टांच्या मानाने काहीच खर्च नाही, आणि ते कष्ट किती ते आता बघा.

(दृश्य: माळ्यावर मामेभाऊ, कौलांच्या फटीतून उन्हाचे कवडसे, धूळ.)

माळ्यावर मामेभाऊ चढलाय. वायर कॅट-६ म्हणजे नेटची, पूर्ण तांब्याची, दुकानात हे विचारून घ्या कारण ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायरही त्याच नावाने विकतात. या वायरवर १०० मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, वेग मिळतो, आम्हाला ओटीपासून आजीच्या खोलीपर्यंत अठरा मीटर लागली. उंदीर कुरतडतात म्हणून सगळी पीव्हीसी पाईपातून नेली. घराबाहेरून नेणं सोपं होतं पण आमच्याकडे मिरगाच्या तोंडाला वीज कशी कडाडते ते माहीत असणाऱ्याने तांब्याची वायर कौलावरून नेऊ नये.

आता हे टोक. सोललं की आत आठ तारा, चार जोड्या पिळलेल्या. सोडवायच्या, सरळ करायच्या आणि क्रमाने लावायच्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. इथे सगळे चुकतात, नारिंगीनंतर हिरव्याची जोडी लागोपाठ येत नाही, तिच्या मध्ये निळी बसते. आम्हीही चुकलो, हा बघा टेस्टर, दिवे उलटसुलट लागतायत. टोक कापलं, परत सोललं, यावेळी मामीने रंग मोठ्याने वाचले आणि भावाने लावले. आरजे-४५ मध्ये, म्हणजे वायरच्या टोकाच्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये, सारून क्रिंपरने, म्हणजे तो दाबायच्या पकडीने, दाबलं. एक ते आठ, सगळे दिवे ओळीने.

पलीकडच्या टोकाला नवीन काही घेतलं नाही, हा जुना राउटर कपाटात पडून होता. त्याचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) बदलला, नाहीतर दोघांचा एकच होतो, डीएचसीपी बंद केलं म्हणजे नंबर वाटायचं काम एकट्या ओटीवरच्याकडे राहिलं, आणि वायर वॅनमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट घ्यायच्या भोकात, न घालता लॅनच्या, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या भोकात घातली. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तोच, चॅनेल वेगळे, ओटीवर १ आणि आत ११.

(दृश्य: आजीच्या खोलीत रांगोळीचा जुना आकडा पुसून मामी नवीन लिहिते.)

८४ होतं तिथे ४३.

त्यानंतर आजीचा दर महिन्याचा डॉक्टरांचा कॉल खोलीतूनच होतो आणि मामाला बँकेच्या कामाला अंगणात येऊन उभं राहावं लागत नाही.

(दृश्य: आजी पलंगावर, फोन समोर, पलीकडे दुबईहून मावशी. आवाज मूळचाच ठेवायचा, निवेदन नाही. चाळीस सेकंद.)

स्वयंपाकघरात आता ५९. मागच्या पडवीत ७६, फुली गेली पण तिथे मामी काजू सोलत बसते तेव्हा तिचं गाणं अजून मध्येच थांबतं. बारा मीटर वायर उरलीय, गुंडाळून या खुंटीला टांगलीय. दिवाळीला गेलो की ती मागपर्यंत नेणार.