सुताराच्या हाताखालचा पोरगा

श्रोतेहो, नमस्कार.

2013 साली ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या कार्ल फ्रे आणि मायकल ऑस्बोर्न या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या 702 व्यवसायांची यादी घेतली आणि प्रत्येकापुढे एक आकडा मांडला. येत्या दहा-वीस वर्षांत हे काम यंत्राकडे जाण्याची शक्यता किती, याचा तो आकडा. इलेक्ट्रिशियनपुढे त्यांनी 15 टक्के लिहिलं, सुतारापुढे 72 टक्के. आणि जो सुतार एका जागी बसून कपाटं-टेबलं बनवतो, त्याच्यापुढे 92 टक्के. त्या आकड्यांची जगभर चर्चा झाली. आज ती दहा वर्षं उलटून गेली आहेत. मग आपल्या साइटवर, आपल्या घरात काम करणाऱ्या सुताराचं नेमकं काय झालं, याबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे. फर्निचर आणि इंटिरियरच्या कामांवर माझी बरीच वर्षं गेली, म्हणून हा प्रश्न मला जवळचा आहे.

यंत्रमानव साइटवर उतरवायचे प्रयत्न पुष्कळ झाले. अमेरिकेत वीट रचणारा 'सॅम' नावाचा यंत्रमानव आला. विटेला मसाला लावून ती ओळीत ठेवायचं काम तो करायचा, पण सांधे साफ करायला आणि कोपरे सांभाळायला शेजारी गवंडी लागायचाच. 2015 साली कॅलिफोर्नियात कटेरा नावाची कंपनी निघाली. घरं कारखान्यात बनवून जागेवर नुसती जोडायची, अशी तिची योजना होती. प्रचंड भांडवल ओतलं गेलं आणि 2021 मध्ये तिला टाळं लागलं. आपल्याकडे बंगळुरूच्या हलसूर भागात 2023 साली लार्सन अँड टुब्रोने थ्री-डी प्रिंटरने पोस्ट ऑफिस बांधलं. हजारेक चौरस फुटांची इमारत 43 दिवसांत उभी राहिली, हे कौतुकाचंच आहे. पण प्रिंटर भिंती उभ्या करतो. दारं, खिडक्या, वायरिंग, नळजोडणी यांना हात लागतातच.

असं का होतं, ते एखाद्या जुन्या सोसायटीत स्वयंपाकघराचं काम चालू असताना बघा. कपाटं कारखान्यातून येतात. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राने बिजागरीची 35 मिलिमीटरची भोकं पाडलेली असतात, कडांना पट्ट्या चिकटवलेल्या असतात, मापात काडीचा फरक नसतो. ती घेऊन फिटर, म्हणजे ती जागेवर बसवणारा सुतार, घरात शिरतो आणि कोपऱ्यात गुण्या धरतो, तर काटकोनच नाही. ओळंबा सोडला की कळतं, भिंत वर जाता जाता दोन सूत, म्हणजे पाव इंच, आत आली आहे. फरशीला मोरीकडे उतार आहे. आणि ओट्याखालून एक पाइप गेलाय, जो कुठल्याच नकाशात नाही. मग तो कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक पट्टी उभी धरतो, पेन्सिल भिंतीच्या कडेने वरून खाली ओढतो. भिंतीचा सगळा वाकडेपणा त्या पट्टीवर रेघेत उतरतो. त्या रेघेपर्यंत रंधा मारला की पट्टी भिंतीला अशी बसते, की मध्ये कागद जायचा नाही. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे हे. पण प्रत्येक घरात ते वेगळं असतं, आणि ते यंत्राला सांगायचं तर आधी कोणीतरी ते घर तितक्याच बारकाईने मोजायला हवं. मोजणारा माणूस तोवर पट्टी बसवून मोकळा झालेला असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जागेवर जाऊन काम बसवणारा कुशल सुतार माझ्या-तुमच्या हयातीत तरी यंत्रामुळे घरी बसणार नाही. आपल्याकडे मजूर स्वस्त आहे म्हणून यंत्र परवडत नाही, असंही काही जण म्हणतात. ते खरं असलं तरी त्यात समाधान मानणं मला पटत नाही. कोणाची रोजी कमी आहे म्हणून त्याचं काम टिकलं, ही काही सुरक्षितता झाली नाही.

पण इथे थांबलो तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. यंत्राने सुताराचं बरंच काम नेलं आहे. फक्त ते हात-पाय असलेल्या यंत्रमानवाच्या रूपात आलं नाही, म्हणून आपल्या लक्षात आलं नाही.

गावात सुतार बलुतेदार होता. तिफण, कुळव, बैलगाडीची चाकं त्याच्याकडे असायची. लोखंडी नांगर आला, मग ट्रॅक्टर आला आणि ते काम वेल्डिंगच्या दुकानात गेलं. शहरात सेंट्रिंगचं बघा. स्लॅब, कॉलम, बीम यांचे साचे फळ्या आणि प्लायमध्ये ठोकणारे सुतार हे बांधकामाचा कणा होते. आज मुंबई-ठाणे-पुण्याच्या उंच इमारतींवर अ‍ॅल्युमिनियमचे साचे आहेत, ज्यांना साइटवर सगळे 'मिवान' म्हणतात. ठरलेल्या नंबरचं पॅनेल ठरलेल्या जागी ठेवायचं, पिन घालायची, पाचर ठोकायची. भिंती आणि स्लॅब एकदमच ओतले जातात, म्हणजे विटेचं काम जवळपास गेलं, गिलाव्याचंही बरंचसं गेलं. सेंट्रिंगच्या सुताराकडे लाकूड बघून अंदाज बांधायची जी नजर होती, तिला तिथे काम उरलं नाही. तोच माणूस पॅनेल उचलताना दिसतो, पण त्याला आता सुतार म्हणून कोणी विचारत नाही.

या बाबतीत जपानकडे बघण्यासारखं आहे, कारण लाकडी घरांची परंपरा त्यांच्याइतकी कोणी जपली नाही. तिथे सुतार शाईची दोरी मारून खांब-तुळयांवर खुणा करायचा आणि पटाशीने सांधे कोरायचा. आता पारंपरिक पद्धतीच्या दर दहा लाकडी घरांपैकी नऊंहून अधिक घरांचे सांधे कारखान्यात यंत्रावर कापून येतात. 1980 च्या जनगणनेत जपानमध्ये सव्वानऊ लाखांहून जास्त सुतार होते. 2020 मध्ये ते तीन लाखांच्या आत आले, आणि त्यातले दहांपैकी चार जण साठीच्या पुढचे. घरं कमी बांधली जातात हे कारण आहेच. पण जाणारे जात राहिले आणि मागून नवे आलेच नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे आज सुतारांना काम नाही अशी ओरड नाही. कामाला सुतार नाहीत, अशी आहे.

आपल्याकडे मला हीच गोष्ट घडताना दिसते. कोणताही मिस्त्री हाताखालच्या पोराला कसा शिकवायचा? आधी प्लाय धरायचा, फेविकॉल लावायचा, सनमायका घासायचा. मग करवत हातात यायची, आणि सरळ रेघेवर कापत राहून राहून हाताला वळण लागायचं. मग बिजागऱ्या, मग ड्रॉवर. टेप लावून माप घ्यायला शेवटी मिळायचं, कारण माप चुकलं तर आठ बाय चारचा अख्खा बोर्ड वाया. यातली मधली सगळी कामं आता कारखान्यात यंत्र करतं, आणि फार चांगलं करतं. साइटवर उरलं ते अगदी खालचं, म्हणजे माल उचलणं, आणि अगदी वरचं, म्हणजे वाकड्या भिंतीवर सरळ कपाट बसवणं. खालून वर चढायच्या पायऱ्याच काढून घेतल्या तर आजचे मिस्त्री थकल्यावर ती पट्टी तासणार कोण?

सरकारच्या योजना आहेत. 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसायांत सुतार आणि गवंडी दोघेही आहेत. अवजारांसाठी 15 हजार रुपये, प्रशिक्षण, कमी व्याजाचं कर्ज मिळतं. ज्यांना हक्क आहे त्यांनी जरूर घ्यावं. पण ती योजना आधीपासून धंद्यात असलेल्या कारागिरासाठी आहे. नव्याने शिकू पाहणाऱ्या पोराला तिचा उपयोग नाही. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलाला सहा महिने कारखान्यात यंत्रावर आणि सहा महिने लोकांच्या घरात फिटरबरोबर काम मिळालं, तर तो खरा तयार होईल. शिकाऊ उमेदवार घेण्याची कायद्याची सक्ती तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना आहे. फर्निचरचे बहुतेक कारखाने त्याहून लहान. त्यांना सक्ती नाही, मुभा आहे. कारखानदार मित्रांनो, ती मुभा वापरा.

आणि जे श्रोते लवकरच घराचं काम काढणार आहेत, त्यांना एक विनंती. फिटरला बहुधा चौरस फुटावर पैसे मिळतात. त्यामुळे पोराला समजावण्यात गेलेला तास त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. कोटेशन हातात आलं की फिटिंगची रक्कम वेगळी दाखवायला सांगा. ती फार कमी असेल तर ठेकेदाराला विचारा की इतक्यात फिटर आणि त्याचा मदतनीस, दोघांचं कसं भागतं. आणि काम चालू असताना तो मदतनीस नुसता माल उचलतोय की त्याच्या हातातही कधी रंधा दिला जातोय, हे जरा बघा. एखादी पट्टी त्याने बसवली आणि तिला थोडा वेळ जास्त लागला, तर घाई करू नका.

नमस्कार.