बटण दाबल्यावर नक्की धावतं काय?

बटण दाबलं की दिवा लागतो, आणि आपल्याला वाटतं बटणापासून इलेक्ट्रॉन सुटले आणि पळत दिव्यापर्यंत पोचले. तसं होत नाही. तांब्याची 1 चौरस मिलिमीटरची तार घ्या, त्यातून 1 अँपिअर करंट जाऊ द्या, इलेक्ट्रॉन पुढे सरकतात सेकंदाला साधारण 0.07 मिलिमीटर. एक मीटर जायला जवळजवळ पावणेचार तास!

मग दिवा लगेच कसा लागतो? कारण तार कधी रिकामी नसतेच, पाण्यानं भरलेल्या पाइपसारखी ती आधीच इलेक्ट्रॉननी गच्च असते, फिलामेंटसुद्धा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बल्बमधली तापून उजळणारी बारीक तार. बटण दाबल्यावर धावतं ते विद्युतक्षेत्र, म्हणजे इलेक्ट्रॉनना ढकलणारा प्रभाव, प्रकाशाच्या जवळपास जाणाऱ्या वेगानं, आणि ते पोचलं की तिथलेच इलेक्ट्रॉन हलायला लागतात.

घरात तर एसी करंट, सेकंदाला 50 किंवा काही देशांत 60 वेळा मागे-पुढे, म्हणजे इलेक्ट्रॉन मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढाही हलत नाही, जागच्या जागी थरथरतो. तरी एनर्जी येतेच ना? इथे पाइपची उपमा सोडून द्यावी लागते. 1884 मध्ये जॉन हेन्री पॉइंटिंग या इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञानं गणितानं दाखवलं की एनर्जी तारेच्या आतून नाही, तारेभोवतीच्या जागेतून वाहते, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांमधून, तार फक्त तिला वाट दाखवते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी दिवस मी भिंतीतल्या वायरिंगकडे वेगळ्याच नजरेनं बघत होतो.

आणि करंट "खर्च" होत नाही हं. दिव्यात जेवढे अँपिअर शिरतात तेवढेच बाहेर पडतात. खर्च होते ती एनर्जी. ती बाजूनं फिलामेंटमध्ये शिरते, इलेक्ट्रॉनला ढकलते, ते अणूंना धडकत राहतात, अणू जोरात कंप पावतात, तीच उष्णता. वाटेत तारही थोडी एनर्जी खाते. जेम्स जूल या इंग्लिश शास्त्रज्ञानं 1841 मध्येच सांगितलं होतं, करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट, म्हणून तर लांबच्या लाइनवर व्होल्टेज खूप वाढवतात, दहापट व्होल्टेज म्हणजे तेवढ्याच पॉवरला करंट दहावा भाग आणि तारेतला लॉस शंभरावा.

फिलामेंट अडीच हजार अंशांच्या आसपास तापतं, तरी उजेड म्हणून दिसतो तो अगदी थोडा भाग, बाकी सगळी उष्णताच. आणि तो उजेडही भिंतीवर, पडद्यावर, पुस्तकाच्या पानावर पडून हळूहळू शोषला जातो, आणि ते सगळं हाताला कळणारही नाही इतकं किंचित गरम होतं.