बेटावरची वीज आणि रात्रीचा पंखा

श्रोतेहो, नमस्कार. घोडबंदर रोडच्या किंवा वाशी-नेरुळच्या ज्या सोसायट्यांनी गच्चीवर सोलर बसवलंय, त्यांना एक अनुभव नक्की आला असेल. लाईट गेले की सोलरही बंद पडतं, तेही भर दुपारी, ऊन रणरणत असताना. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बाहेरच्या लाईनकडे बघून चालतो. लाईन मेली की तोही थांबतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला उलट बाजूने शॉक बसायचा. या सोयीचं नाव मोठं गमतीचं आहे, ‘अँटी-आयलंडिंग’, म्हणजे बेट होऊ न देणं! हाच इन्व्हर्टर लाईन नसलेल्या खऱ्या बेटावर नेला, तर तो जन्मात सुरू व्हायचा नाही. म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्याने ‘आमचा जुना सेट गावाला देतो’ म्हटलं, तर आधी विचारावं, इन्व्हर्टर ऑन-ग्रिड की लाईनशिवाय चालणारा ऑफ-ग्रिड?

आपल्या समोरचंच बेट घ्या, घारापुरी. लेणी बघायला जग येतं, पण राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या तिथल्या तीन गावांत २०१८ च्या फेब्रुवारीपर्यंत संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, तेवढीच वीज. मग समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल आली. जगप्रसिद्ध लेणी शेजारी असल्यावर केबलचा खर्च मंजूर होतो. साठ घरांच्या एखाद्या पाड्यासाठी तो होईलच असं नाही. तिथे गावानेच वीज तयार करायची आणि गावानेच वाटायची, हा मार्ग उरतो. विद्युत कायदा २००३ मधलं कलम १४ त्याला आडवं येत नाही. राज्याने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज निर्माण करून वाटायला परवाना लागत नाही.

आता हिशेब. बेटावरचा साठ घरांचा पाडा धरू. प्रत्येक घरी ९ वॅटचे चार बल्ब पाच तास, म्हणजे १८० वॅट-तास. टीव्ही ५० वॅटचा, चार तास, २०० वॅट-तास. मोबाईलला २०. आणि पंखा. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॅटचा, दहा तास चालला तर ३०० वॅट-तास. बेरीज ७००. हजार वॅट-तासांचं एक युनिट, म्हणजे साठ घरांचे झाले ४२ युनिट. रस्त्यावरचे दिवे, शाळा, पाण्याचा पंप आणि मासळीचा एक डीप फ्रीझर मिळून ८ युनिट धरा. एकूण ५०.

पण बीएलडीसीच्या जागी लोकांनी घरातला जुना ७५ वॅटचा पंखाच लावला तर? घरामागे ४५० वॅट-तास वाढले, साठ घरांत २७ युनिट. दिवसाचं रेशन निम्म्याहून जास्त वाढलं, आणि वाढलं ते सगळं रात्रीचं. सोलरवाल्याच्या लेखी दुपारचं युनिट स्वस्त. रात्रीचं महाग, कारण ते बॅटरीत साठवून काढावं लागतं. त्यामुळे पॅनेलची ऑर्डर देण्याआधी साठ पंखे विकत घ्यावेत, आणि ते गावच्या पैशातून घ्यावेत. ‘ज्याने त्याने बदला’ म्हटलं की कुणी बदलत नाही.

वायर, इन्व्हर्टर आणि बॅटरीत वीसेक टक्के जातात, म्हणून ५० युनिट हाती यायला ६२ तयार व्हायला हवेत. आपल्या किनाऱ्यावर एक किलोवॅट पॅनेल वर्षभराच्या सरासरीने रोज चारेक युनिट देतं. हिशेब साडेपंधरा किलोवॅटवर येतो, आपण वीस बसवू. जागा लागेल दोन हजार चौरस फूट. तरी जुलैत किलोवॅटमागे दोन युनिटही मुश्किलीने येतात, म्हणजे जेमतेम ४०. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आधीच ठरवून भिंतीवर लावावं लागतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे नेमक्या त्याच दिवसांत फ्रीझर रिकामा असतो. चार युनिट तिथेच वाचतात.

रात्रीचा भार साधारण ३५ युनिटचा. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवायची नसते, म्हणून ७० युनिटची बँक, म्हणजे बॅटऱ्यांचा संच हवा. दोन व्होल्ट, ६०० अँपिअर-अवरचे साठ ट्युब्युलर सेल एकापुढे एक जोडले की १२० व्होल्ट होतात, आणि साठवण ७२ युनिट. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली तर ४५ युनिटची पुरते. पैसा असेल तर तीच घ्यावी, कारण लेड-ॲसिडला पाणी लागतं आणि बेटावर घात होतो तो पाण्यानेच. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन संपलेला असतो, बोट परवा येणार असते, कुणीतरी विहिरीचं पाणी ओततं. खाडीकाठची विहीर मचूळ. त्यातलं क्लोराईड प्लेटा खातं आणि पाच वर्षांची बँक दोन वर्षांत बसते. म्हणून दोन कॅन कायम शिल्लक ठेवायचे. दर आठवड्याला हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, मोजून वहीत लिहायची. पूर्ण चार्ज झाल्यावर बाकीचे सेल १२४० दाखवत असताना एकटा ११९० वर अडकला, तर तो सेल बाकीच्यांना खाली ओढण्याआधी वेगळा काढायचा.

रेशन पाळायचं कसं? स्कॉटलंडचं एग बेट तिथल्या रहिवाशांनी १९९७ मध्ये विकत घेतलं. २००८ पासून पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारी त्यांची स्वतःची वीज आहे. प्रत्येक घराला मर्यादा ५ किलोवॅट, धंद्याला १०. वीज जास्त झाली तर समाजमंदिरासारख्या इमारतींचे हीटर आपोआप लागतात, वाया जात नाही. ते थंडीतले लोक, आपल्याला एवढी वीज परवडायची नाही. आपल्या घराचा एका वेळचा भार सव्वाशे वॅट, तेव्हा एक अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, पुरे. हजार वॅटची इस्त्री लावली की तो पडतो. मात्र एमसीबी घरात ठेवू नका, खांबावरच्या सीलबंद पेटीत ठेवा. घरातला एमसीबी महिन्याभरात सहा अँपिअरचा झालेला असतो, आणि कुणी केला ते कुणालाच माहीत नसतं! मिक्सर आणि गिरणी दुपारी, प्लांटच्या खोलीतच फिरवायची.

पैशाचं गणित. समजा बॅटरी बँक ५ लाखांची आणि पाच वर्षं टिकणारी. साठ घरांत वाटून महिन्याला १३९ रुपये. प्लांट सांभाळणाऱ्या मुलाला ६ हजार दिले तर घरामागे १००. पाणी, फ्यूज, किरकोळ धरून २७५ पर्यंत जातं. बॅटरीचे १३९ वेगळ्या खात्यात, दोन सह्यांशिवाय न निघणारे. बचत गटाच्या बायकांकडे ते खातं दिलेलं बरं, उत्सवाच्या वर्गणीसाठी त्याला हात लावायला कुणी धजत नाही. जून-जुलैत बोटी ओढलेल्या असतात, कोळ्याच्या हातात रोकड नसते, वर्गणी थकते ती तेव्हा. म्हणून जून, जुलै आणि ऑगस्टचे ८२५ रुपये मे महिन्यातच घ्यावेत, मासळीचा पैसा घरात असताना.

खारी हवा हा वेगळाच शत्रू. नट-बोल्ट ३१६ ग्रेडचे स्टेनलेस घ्या, ३०४ वर डाग धरतात. ॲल्युमिनियमची फ्रेम लोखंडाला सरळ टेकवली की सांध्यावर गंज सुरू होतो, मध्ये रबरी वॉशर हवा. मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरून, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर, सांगाडा काढतात. क्लॅम्प वाचवायला गेलं की पॅनेल खाडीत जातं.

आणि सामान नेताना भरतीची वेळ बघा. एकेका सेलचं वजन चाळीस किलोच्या वर. ओहोटीला बोट धक्क्यापासून लांब चिखलात उभी राहते, सेल खांद्यावर घेऊन उतरताना आडवा झाला की ॲसिड अंगावर. साठ सेल म्हणजे भरतीच्या दोन खेपा, शिवाय सांडलेलं ॲसिड मारायला खाण्याच्या सोड्याची पाच किलोची पिशवी बरोबर असू द्या.