लेबलवरचं नाव सोडून दिलेली वाइन

नाशिकला वाइन चाखण्याच्या एका कार्यक्रमात मी सांगत होतो, की या बाटलीत तीन जातींच्या द्राक्षांची वाइन एकत्र केलेली आहे. पहिल्या रांगेतले एक काका पटकन म्हणाले, “म्हणजे भेसळच की!” सगळे हसले, मीही हसलो. पण काकांची शंका रास्त होती. इटलीत टस्कनीमध्ये याच शंकेवरून ‘तिन्यानेल्लो’ नावाच्या वाइनचं मोठं रामायण घडलंय, आज ते सांगतो.

त्याआधी आपल्या चहा डेपोत जाऊ. आपण सांगतो, “अर्धी पत्ती, अर्धी ममरी.” पत्तीने वास येतो, ममरीने रंग आणि कडकपणा. याला कुणी भेसळ म्हणत नाही. रंगवलेला भुसा निघाला तर म्हणतो.

टस्कनीत हाच हिशोब बेत्तिनो रिकासोली या सरदाराने मांडला. हा गृहस्थ दोनदा इटलीचा पंतप्रधान होता, पण त्याचा जीव अडकलेला होता ब्रोलियोच्या गढीभोवतीच्या द्राक्षमळ्यांत. १८७२ साली त्याने पिसाच्या एका प्राध्यापकांना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: सांजोवेझे या काळ्या द्राक्षातून वास आणि जोर मिळतो, कानाइओलो या दुसऱ्या द्राक्षाने त्याचा कडकपणा कमी होतो, मालवाझिया हे पांढरं द्राक्ष घातलं, की वाइन हलकी होते, रोजच्या जेवणाला बरी. मात्र मुरवत ठेवायच्या वाइनमध्ये मालवाझिया नसली तरी चालेल, असंही त्याने लिहून ठेवलं.

हे शेवटचं वाक्य पुढे सगळे सोयीस्कर विसरले. १९६७ साली ‘कियांती’चे, म्हणजे टस्कनीतल्या याच लाल वाइनचे, सरकारी नियम झाले, तेव्हा त्यात किमान १० आणि कमाल ३० टक्के पांढरी द्राक्षं सक्तीची केली. वर त्यात मालवाझियाच्या जोडीला त्रेब्बियानो आलं. हे द्राक्ष पिकतं भरघोस, चवीला मात्र बेताचं. थोडक्यात, लाल वाइनमध्ये पाणचट पांढरी वाइन घातली नाही, तर बाटलीवर ‘कियांती’ लिहिता येणार नाही! काकांचा ‘भेसळ’ हा शब्द खरं तर इथे वापरायला हवा होता.

आता हा नियम झुगारणाऱ्या, टस्कनीतल्याच आंतिनोरी घराण्याकडे येतो. फ्लॉरेन्समधल्या वाइनवाल्यांच्या संघात या घराण्यातल्या जोव्हान्नीचं नाव लागलं १३८५ साली. तेव्हापासून सव्वीस पिढ्या हा धंदा घरातच आहे. फ्लॉरेन्समधल्या त्यांच्या वाड्याच्या भिंतीत हातभर उंचीचा एक झरोका आहे. शहरातल्या बऱ्याच जुन्या वाड्यांना असे झरोके आहेत. बाहेरच्याने पैसे आणि भांडं आत सरकवायचं, आतल्याने भरून परत द्यायचं. सतराव्या शतकात प्लेग आला तेव्हा शिवाशिव टाळायला त्यांचा फार उपयोग झाला.

१९६६ साली कारभार पिएरो आंतिनोरींकडे आला, तेव्हा ते तिशीतही नव्हते. त्यांच्या मावशीचे यजमान मारिओ इंचिझा समुद्राकाठी बोलगेरीला फ्रेंच जातींच्या द्राक्षांची वाइन घरापुरती करत. पुढे ‘सास्सिकाया’ म्हणून गाजली ती हीच. पिएरोंना ते जवळून दिसत होतं. त्यांच्याकडे जाकोमो ताकिस नावाचे वाइनतज्ज्ञ होते, त्यांनी बोलगेरीलाही मदत केली होती. या दोघांनी आपल्या तिन्यानेल्लो नावाच्या मळ्यात प्रयोग सुरू केले. १९७० ची वाइन कियांतीच होती: २० टक्के कानाइओलो, ५ टक्के पांढरी द्राक्षं, आणि मुरवण ओकच्या लहान पिंपांत. १९७१ च्या वाइनवरून त्यांनी ‘कियांती’ हा शब्दच काढून टाकला आणि मळ्याचं नाव लावलं. कायद्याच्या लेखी ती झाली ‘टेबल वाइन’, म्हणजे उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं. पुढची तीन वर्षं पीक मनासारखं आलं नाही, म्हणून वाइन काढलीच नाही. मला या माणसांचं कौतुक वाटतं ते इथे. नवं नाव बाजारात रुजायच्या आतच तीन वर्षं दुकान बंद ठेवायला छाती लागते.

१९७५ पासून पांढरं द्राक्ष पूर्ण बंद झालं. १९८२ पासून आजतागायत साधारण एकच प्रमाण आहे: ८० टक्के सांजोवेझे, आणि फ्रेंच जातींपैकी १५ टक्के काबेर्ने सोव्हिन्याँ, ५ टक्के काबेर्ने फ्रांक.

पंधराच का? हे घरी करून बघण्यासारखं आहे. नुसत्या सांजोवेझेचा पेला दिव्यासमोर धरा, पलीकडचं बोट दिसतं. रंग फिका, चव आंबट, करवंदाच्या अंगाने जाणारी. नुसती काबेर्ने गडद असते. जांभळं जास्त खाल्ल्यावर जीभ कोरडी पडते तसा तिचा तुरटपणा. आता काबेर्ने फ्रांक तूर्त बाजूला ठेवा आणि मापाच्या नळीत ८५ मिली पहिली, १५ मिली दुसरी घ्या. रंग भरतो, घोट तोंडात टिकतो, पण आंबटपणाची धार शाबूत राहते. हेच प्रमाण ३० करा, सांजोवेझे कुठे गेली ते कळत नाही. भटाला दिली ओसरी, तशी गत! म्हणून प्रत्येक जातीचा रस वेगळा आंबवतात, वेगळा मुरवतात आणि मेळ शेवटी घालतात. एकदा मिसळलेलं वेगळं करता येत नाही.

या जोडीची चव घ्यायला फार लांब जायलाही नको. आपल्या अकलूजला इटालियन भागीदारीत उभ्या राहिलेल्या ‘फ्रातेल्ली’ची ‘सेत्ते’ ही वाइन सांजोवेझे आणि काबेर्ने सोव्हिन्याँचीच आहे. चव टस्कनीसारखी शोधू नका, सोलापूरचं ऊन वेगळं.

मागे बसलेल्या ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: “मग तो नियम बदलला का?” बदलला, पण सावकाश. १९८४ साली ‘कियांती क्लासिको’त, म्हणजे कियांतीच्या जुन्या मूळ भागातल्या वाइनमध्ये, पांढऱ्या द्राक्षांची सक्ती २ ते ५ टक्क्यांवर आली. २००६ पासून तिथे पांढऱ्या द्राक्षांना बंदीच आहे. आता ८० टक्के सांजोवेझे आणि उरलेल्या २० टक्क्यांत काबेर्ने चालते. म्हणजे तिन्यानेल्लोचं जे प्रमाण आहे ते आज नियमात अगदी बसतं. १९९२ च्या कायद्याने अशा वाइनसाठी एक वेगळा वर्गही केला, त्याखाली तिन्यानेल्लो ‘तोस्काना’, म्हणजे टस्कनीची वाइन म्हणून विकली जाते. ‘कियांती’ हे नाव मात्र घराण्याने या बाटलीवर परत लावलेलं नाही.